एमआरआयमध्ये ‘सिव्हिअर कॅनॉल स्टेनोसिस’ आलंय, वडिलांचं ऑपरेशन करावं का?

तुमचा प्रश्न नीट वाचला, बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वडील, तुम्ही त्यांना आण्णा म्हणता म्हणून मी पण आण्णाच म्हणतो, वय ६६, पलूसच्या बाजूला द्राक्षबाग, शुगर आहे पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये. कंबर जुनीच दुखते, पण आता काही महिने झाले थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, बसले की बरं वाटतं. रिपोर्टमध्ये एल फोर-एल फाईव्हला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी, सिव्हिअर कॅनॉल स्टेनोसिस (मणक्यातली पोकळी खूप अरुंद झालीय), खाली वर दोन ठिकाणी डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी बाहेर फुगलीय), नर्व्ह रूट कॉम्प्रेशन (शिरेचं मूळ दबलंय). एका डॉक्टरांनी मणके जोडणारे स्क्रू टाकून लगेच ऑपरेशन सांगितलं, गावात सगळे म्हणतायत मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस अंथरूण धरतो, आणि एका पाहुण्यांनी मणका बसवून देणाऱ्याचा पत्ता दिलाय. तुम्ही पुण्यात, आण्णा गावी, आणि निर्णय तुमच्यावर.

मी सांगलीत बरीच वर्षं मणक्याचेच पेशंट बघतोय. उसाच्या पट्ट्यातले, तासगाव-पलूसचे बागायतदार, मार्केट यार्डातले हमाल, आणि आता तर ऑफिसात बसणारी तरुण पोरंसुद्धा, सगळ्यांच्या हातात एमआरआयची पिशवी असते आणि सगळे पहिल्यांदा तीच पुढं करतात. मी ती बाजूला ठेवतो आणि आधी चालायला लावतो. आण्णांचं ऑपरेशन करायचं का नाही हे त्या फिल्मवर ठरत नाही, त्यांचे पाय काय करतायत त्यावर ठरतं, आणि हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाहीये, त्याला कारण आहे.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या. मणक्यांच्या मागून एक पोकळी वरून खाली जाते, त्यातून मज्जारज्जू जातो. हा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली फक्त सुट्या शिरांचा (नर्व्हचा, रक्ताच्या शिरांचा नाही) जुडगा असतो. म्हणजे एल फोर-फाईव्हला जागा कमी झाली तर दाबल्या जातात त्या पायाकडं, लघवीकडं जाणाऱ्या शिरा, मज्जारज्जू नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘मज्जारज्जू दबलाय, पॅरालिसिस होईल’ असं ऐकून आलेली माणसं रात्र रात्र झोपत नाहीत. ती पोकळी पुढून मागं मोजली तर साधारण १५ मिलीमीटर किंवा त्याहून जास्त असते, १० च्या खाली गेली की तिला खरोखर अरुंद म्हणतात. वयानुसार दोन मणक्यांमधल्या गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होऊन बाहेर फुगते, मागचे छोटे सांधे झिजून जाड होतात, हाडाला टोकं येतात आणि सगळ्यात जास्त जागा खातं ते आतल्या बाजूचं पिवळं लिगामेंट (मणके एकमेकांना बांधणारा पट्टा), ते जाड होऊन आत दुमडतं. हे सगळं मिळून तिन्ही बाजूंनी जागा खाल्ली जाते. काही जणांची पोकळी जन्मतःच लहान असते, त्यांना हा त्रास लवकर सुरू होतो.

जागा कमी होण्याची ठिकाणं पण वेगवेगळी आहेत आणि त्यावर लक्षणं बदलतात. मधली पोकळी अरुंद झाली तर आण्णांसारखं दोन्ही पायांत. कडेचा कोपरा किंवा जिथून शीर बाहेर पडते ते भोक अरुंद झालं तर एकाच पायात, एकाच पट्ट्यात. एल फोरची शीर असेल तर मांडीच्या पुढून नडगीच्या आतल्या बाजूला, एल फाईव्ह असेल तर नडगीच्या बाहेरून पावलाच्या वर आणि अंगठ्याकडं, एस वन, म्हणजे कंबरेच्या खालच्या माकडहाडाच्या वरच्या हाडाची पहिली शीर, असेल तर पोटरीच्या मागून तळव्याला आणि करंगळीकडं. पेशंट बोटानं रेघ ओढून दाखवतो ती रेघ खूप काही सांगते, तिचं आणि रिपोर्टचं जुळलं पाहिजे. रिपोर्ट म्हणतो डावी शीर दबली आणि दुखतोय उजवा पाय, असे पेशंट मी कितीतरी बघितलेत.

आता तुम्ही विचारलंय की रिपोर्टमध्ये एवढं सगळं वाईट लिहिलंय मग ते खोटं का. खोटं नाही, पण ते आजार आहे का वय आहे हे रिपोर्ट सांगू शकत नाही. १९९० मध्ये अमेरिकेत ६७ अशा लोकांचे एमआरआय काढले ज्यांना कंबर किंवा पाय कधीच दुखले नव्हते. साठीच्या पुढच्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या फिल्ममध्ये दोष निघाला, आणि जवळपास पाचातल्या एकाला तर स्टेनोसिस होता, त्रास शून्य. २०१५ मध्ये अशाच ३ हजारांवर बिनत्रासाच्या लोकांचे अभ्यास एकत्र केले, त्यात ६० च्या वयाला डिस्क बल्ज सुमारे ६९ टक्के लोकांना, आणि २० वर्षांच्या पोरांना पण ३० टक्के. म्हणून आण्णांच्या रिपोर्टमधले ते खालचे वरचे बल्ज सोडून द्या, त्यांच्याबद्दल विचारच करू नका. एल फोर-फाईव्हचा स्टेनोसिस मात्र त्यांच्या तक्रारीशी जुळतोय, त्याकडं लक्ष देऊया.

जुळतोय कसा ते बघा. स्टेनोसिसचे पेशंट आमच्याकडं जवळपास एकच वाक्य बोलतात, “डॉक्टर, चाललं की पाय भरून येत्यात, वाईच बसलं की मोकळं होतंय.” उभं राहिलं, पाठ ताठ झाली की ती पोकळी आणखी आवळते, पुढं वाकलं किंवा बसलं की मोकळी होते. म्हणून ही माणसं सायकल मारू शकतात पण तेवढंच अंतर चालू शकत नाहीत. चढ चढताना बरं वाटतं, उतारावर त्रास होतो, कारण उतरताना आपण मागं रेलतो. बांधावर काठी टेकून पुढं वाकून चालणारी म्हातारी माणसं आपल्याकडं दिसतात, त्यातल्या कित्येकांनी हा इलाज स्वतःच शोधलेला असतो. तुम्ही आण्णांना एवढंच विचारा, पाय भरून आल्यावर नुसतं उभं राहून थांबतं का, का बसावंच लागतं?

हा प्रश्न का, तर अगदी असाच त्रास पायाच्या रक्तवाहिन्या तंबाखू-बिडीनं आणि शुगरनं आखडल्यावर पण होतो. तिथं पोटऱ्या आवळतात आणि नुसतं उभं राहिलं तरी दोन मिनिटांत थांबतं, वाकायची गरज पडत नाही, सायकल मारताना पण पोटरी धरते, पाऊल गार असतं, पावलावरची नाडी लागत नाही. आण्णांना शुगर आहे म्हणून ही नाडी कुणीतरी हात लावून बघितलीच पाहिजे, रिपोर्ट बघून पाठवलं एवढ्यावर थांबू नका. आणि शुगरमुळं शिराच खराब झाल्या असतील तर ते तिसरंच प्रकरण, दोन्ही तळव्यांना मुंग्या, जळजळ, रात्री जास्त, चालण्या-बसण्याशी संबंध नाही. शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीनं वर्षानुवर्षं बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्यानं पण मुंग्या येतात, ती एक रक्ताची तपासणी आहे, करून घ्या. मणक्याचं ऑपरेशन छान झालं आणि तळव्याची जळजळ तशीच राहिली म्हणून चिडलेले पेशंट येतात, त्यांना ही गोष्ट आधी कुणी सांगितलेलीच नसते.

अजून एक गोष्ट जी कंबरेच्या एमआरआयमध्ये दिसणारच नाही, ती म्हणजे मान. द्राक्षाच्या मांडवाखाली डोकं वर करून छाटणी, विरळणी करणाऱ्या लोकांची मान तासन् तास मागं टाकलेली असते, आणि मान मागं टाकली की मानेतल्या शिरांची भोकं आवळतात. मानेत दाब आला आणि तो मज्जारज्जूवर असेल तर दुखणं कमी आणि गोंधळ जास्त असतो, शर्टाचं बटण लागत नाही, हातातून वस्तू निसटतात, चाल डुगडुगते, अंधारात तोल जातो. कंबरेच्या स्टेनोसिसमध्ये गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय कमी उडतो, इथं उलट जास्त उडतो. म्हणून हातोडी मारल्यावर ज्याचा पाय जास्त उडतोय त्याच्या कंबरेवर सुरी चालवायच्या आधी मान बघावी. दोन्हीकडं एकदम अरुंद असलेले म्हातारे पेशंट दुर्मिळ नाहीत. आण्णांना बटणं लावायला सांगा, जेवताना घास नीट उचलतायत का बघा, आणि सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत पाच-सात पावलं चालवून बघा, तुम्ही शेजारी उभे राहून.

तसंच घरी पायातला जोर बघता येतो. टाचांवर चालायला लावा, मग चवड्यांवर. एका पायाचा चवडा उचलत नाही, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, पायरीला अंगठा अडकतो, हे असेल तर एल फाईव्हची शीर थकलीय. पायाचा अंगठा वर ओढायला सांगा आणि तुम्ही बोटानं खाली दाबा, दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या हव्यात. दुखणं कमी झालं आणि त्याच वेळी जोर पण कमी झाला तर ती चांगली बातमी नाही, आपले लोक मात्र ‘आता दुखायचं थांबलं’ म्हणून खूष होतात.

थांबायचं नाही अशी लक्षणं आता सांगतो, घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आईला पण. लघवी तुंबली किंवा कळतच नाही, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधीर झाला, दोन्ही पायांतला जोर एकदम कमी व्हायला लागला. असं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, मालिश नाही, ‘उद्या अमुक डॉक्टर आहेत’ नाही, गाडी काढायची आणि जिथं मणक्याचं ऑपरेशन रात्री पण होऊ शकतं अशा मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, इथं तासांचा हिशोब असतो, उशीर झाला तर लघवीचा ताबा परत येत नाही. पाऊल उचलायचंच बंद झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कंबर हे असेल तर मणक्याचा टीबी किंवा गाठ बघावी लागते, आपल्याकडं मणक्याचा टीबी अजून भरपूर आहे आणि तो सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वागतो.

वरचं काही नसेल तर तुमच्याकडं वेळ आहे. स्टेनोसिस हळूहळू चालणारा प्रकार आहे, बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं तसंच राहतं, काहींचं थोडं सुधारतं, काहींचं बिघडतं. एका रात्रीत पांगळं होणं फार कमी. तरुण माणसाची गादी एकदम सरकून शीर दबते तो प्रकार वेगळा, तो दुखायला भयंकर पण बहुतेकांचा ६ ते १२ आठवड्यांत ओसरतो, कारण बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच खाऊन टाकतं, आणि मोठा सुटा तुकडा तर लहान बल्जपेक्षा जास्त विरघळतो. हे लोकांना पटत नाही पण परत काढलेल्या एमआरआयमध्ये दिसतं.

व्यायामाचं नीट ऐका, कारण इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवतं, ‘कंबरेसाठी रामबाण’, आणि त्यात भुजंगासन असतं. गादी सरकलेल्या तरुणाला, ज्याला वाकल्यावर दुखतं, त्याला पाठ मागं वळवणारे व्यायाम बऱ्याचदा मानवतात. आण्णांना तेच भुजंगासन घातलं तर आधीच आवळलेली पोकळी अजून आवळणार. आण्णांसाठी उताणं झोपून गुडघे छातीशी घेणं, पोटाचे आणि नितंबाचे स्नायू घट्ट करणं, मांडीचा पुढचा आखडलेला भाग मोकळा करणं, आणि सायकल. घरात जुनी सायकल असेल तर स्टँडवर लावून मारली तरी चालते. चालणं बंद करायचं नाही, पाय भरून यायच्या थोडं आधीच बसायचं, मोकळं झालं की परत उठायचं, असं तुकड्या तुकड्यांनी. काठीची लाज वाटत असेल तर तुम्ही समजावा, काठीनं अंतर वाढतं. एखादा चांगला फिजिओथेरपिस्ट गाठा जो समोर उभा राहून व्यायाम करून घेतो, नुसतं मशीन लावून बसवतो तो नाही. ट्रॅक्शन लावून (वजनानं कंबर ताणून) पोकळी मोठी होते असं सांगतात, तसं होत नाही. पट्टा प्रवासात, कामात थोडा वेळ ठीक, दिवसभर बांधून ठेवला तर पाठीचे स्नायू आळशी होतात. पडून राहणं एक-दोन दिवसांच्या पुढं नाही. आणि पाठीवरचा फवारणीचा पंप आता बंद, ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

गोळ्यांबद्दल. शीर म्हटलं की प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन लिहिलं जातं. २०१७ मध्ये सायटिकाच्या (शीर दबून पायात कळ जाणाऱ्या) पेशंटवर प्रीगॅबालिनची औषध नसलेल्या खोट्या गोळीशी तुलना केली, फायदा जास्त दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. ६६ व्या वर्षी चक्कर येऊन न्हाणीत पडणं म्हणजे खुब्याचं हाड. चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. दुखण्याच्या साध्या गोळ्या थोडे दिवस ठीक, पण शुगर असलेल्या माणसानं महिनोन् महिने मेडिकलमधून आणून खाल्ल्या तर किडनीवर जातात. मणक्यातलं स्टिरॉईड इंजेक्शन, यावर २०१४ मध्ये ४०० स्टेनोसिसच्या पेशंटवर मोठा अभ्यास झाला, नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा स्टिरॉईडनं विशेष जास्त काही दिलं नाही. गादी सरकून एकच शीर पेटलेली असते तिथं मी ते विचारात घेतो, स्टेनोसिसला फार आशा लावून देत नाही, आणि शुगर काही दिवस चढते हे आधी सांगतो.

मणका बसवून देणाऱ्याकडं आण्णांना नेऊ नका. जाड झालेलं लिगामेंट आणि हाडाची टोकं कुणाच्या हिसक्यानं मागं जात नाहीत. मानेला हिसका तर अजिबात नको, तिथं काय दबलंय हे बघितल्याशिवाय तर नकोच नको. आपल्या भागात या लोकांवर श्रद्धा आहे हे मला माहिती आहे, मुरगळलेला पाय वगैरे ते बघत असतील, पण ६६ वर्षांच्या मणक्याला हिसका द्यायचा नाही.

आता ऑपरेशन. मी विरोधात नाही, योग्य माणसाला ते फार चांगलं ऑपरेशन आहे. तीन-एक महिने नीट व्यायाम करून पण अंतर कमीच होत असेल, देवळापर्यंत जाता येत नाही, बागेत फेरी मारता येत नाही, ओळीत उभं राहता येत नाही, किंवा पायाचा जोर कमी होतोय, तर करावं, आणि पाय पूर्ण वाळायची वाट बघू नये. यात मागून थोडं हाड आणि ते जाड लिगामेंट काढून शिरांना जागा करतात, बहुतेकांना दुसऱ्या दिवशी चालवतात. अंथरूण धरण्याची गोष्ट जुन्या काळातली, किंवा ज्यांच्या शिरा फार उशिरा मोकळ्या केल्या त्यांची. पण धोके नाहीत असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, शिरांवरचं आवरण फाटू शकतं, जंतू लागू शकतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. पायांचा त्रास सुटतो तेवढ्या खात्रीनं जुनी कंबरदुखी सुटत नाही आणि बधीरपणा काही वेळा मागं राहतो, हे आण्णांना स्वतःला कळलं पाहिजे, फक्त तुम्हाला नाही.

आणि स्क्रूबद्दल तुम्ही स्पष्ट विचारायला पाहिजे. मणका मणक्यावरून सरकत असेल आणि तो हलत असेल, कंबरेला वाक आलेला असेल, किंवा शीर मोकळी करताना एवढं हाड काढावं लागणार असेल की मणका डळमळेल, तिथं स्क्रू लागतात, नाही असं नाही. पण नुसत्या स्टेनोसिसला सरसकट नाही. स्वीडनमध्ये २४७ पेशंटवर, ५० ते ८० वयाचे, अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला, निम्म्यांना नुसतं मोकळं केलं, निम्म्यांना स्क्रू लावून जोडलं पण, दोन वर्षांनी चालण्यात आणि त्रासात फरक दिसला नाही, जोडणाऱ्यांचा वेळ, रक्त आणि खर्च मात्र जास्त गेला. म्हणून उभं राहून, पुढं वाकून आणि मागं वाकून असे एक्स-रे काढून घ्या. त्यात मणका हलत नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, “साहेब, नुसतं मोकळं करून भागणार नाही का, स्क्रू कशासाठी?” चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही, फिल्म लावून समजावून सांगतो. सांगली-मिरजेत मणक्याचे सर्जन आहेत, दुसरं मत घ्यायला मुंबई-पुणे गाठायचीच गरज नाही, आणि सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलच्या काउंटरवर आधीच विचारून घ्या.

या शनिवार-रविवारी गावी गेलात की एवढं करा. आण्णांना घरापासून चालवा आणि किती अंतरावर बसावं लागतं ते लिहा, टाचांवर-चवड्यांवर चालवून बघा, बटणं, अंगठ्याचा जोर, लघवीचं विचारा, ते तुमच्याशी या विषयावर लाजतील तर आईला विचारायला सांगा. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर आणि बी-ट्वेल्व्ह करून घ्या, पावलाची नाडी गावातल्या डॉक्टरांकडून बघून घ्या. हे सगळं आणि ते वाकून काढलेले एक्स-रे घेऊन दुसऱ्या सर्जनकडं जा, पहिल्यांनी काय सांगितलं ते शेवटी सांगा, आधी नाही. तोपर्यंत सायकल आणि तुकड्यांचं चालणं सुरू राहू दे, आणि अंतर दर पंधरा दिवसांनी परत मोजून त्याच वहीत तारीख घालून लिहा.